पेट्रोलच्या टाकीतला गंज, आणि तो काढल्यानंतरचा एक तास

वडिलांची येझदी मोटरसायकल चार पावसाळे पडवीत उभी होती. वर ताडपत्री, चाकांखाली विटा, सीटवर कोंबड्या बसू नयेत म्हणून जुनं पोतं. बाहेरून तिला काहीच झालं नव्हतं. बॅटरी बदलली, प्लग बदलला, पाच-सहा किक मारल्या आणि गाडी चालू झाली. घरातले सगळे अंगणात आले. तिसऱ्या दिवशी घाटात तिचा श्वास कोंडला. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर उघडून त्यातला जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक छिद्र, फुंकला, गाडी पुन्हा पळाली, दोन दिवसांनी पुन्हा तेच. असं तीनदा झाल्यावर कार्बोरेटरची खालची वाटी काढून उन्हात धरली, तर तळाशी चहाच्या गाळासारखं काहीतरी होतं. बोटावर घेतलं तर तांबूस रेघ उठली. गंज होता तो, टाकीतून आलेला.

जुनी गाडी बाहेर काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा गाळ एकदा तरी भेटतो. मग जो तो वेगळं सांगतो: अ‍ॅसिड ओत, खडी घालून हलव, कोल्ड्रिंक टाकून ठेव, नवी टाकीच घे. यातले बरेचसे उपाय गंज काढतात, हे खरं आहे. फसगत होते ती नंतर. गंज काढल्यावर जे उघडं, ओलं लोखंड उरतं ते इतकं भुकेलं असतं की तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत ते पुन्हा नारिंगी झालेलं असतं. म्हणून या लेखात गंज काढण्याइतकंच त्यानंतरच्या एका तासाबद्दल लिहिलं आहे. माझ्या अनुभवात टाकी वाचते किंवा जाते ती त्या तासात.

पेट्रोलच्या टाकीत पाणी आलं कुठून?

गंजायला तीन गोष्टी लागतात: लोखंड, प्राणवायू आणि पाणी. तिन्हीपैकी एक काढून घेतलं तर गंज थांबतो. टाकीचा पत्रा लोखंडाचाच आणि रिकाम्या जागेत हवा असतेच. राहिलं पाणी.

टाकी श्वास घेते. झाकणाला बारीक भोक असतं, नाहीतर पेट्रोल खाली उतरणारच नाही. दिवसा ऊन तापलं की आतली हवा आणि वाफ फुगून बाहेर जाते. रात्री पत्रा थंड झाला की बाहेरची हवा आत ओढली जाते. कोकणात जुलैच्या रात्री ही हवा नुसती ओली असते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जसे थेंब धरतात तसे ते गार पत्र्याच्या आतल्या अंगाला धरतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे थेंब ओघळून तळाशी जातात आणि तिथेच बसतात. पेट्रोल वरचेवर वापरलं जातं, तळाचं पाणी मात्र हलत नाही. टाकी जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त आणि रोजचा श्वास मोठा. अर्धी रिकामी टाकी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करणं म्हणजे गंजाला आवतण आहे.

आता यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२३ च्या फेब्रुवारीपासून काही पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं आणि पुढच्या दोन वर्षांत ते देशभर पोचलं. इथेनॉलला पाण्याची ओढ असते, ते हवेतला ओलावा स्वतःत घेतं. थोडं पाणी असेल तर हा फायदाच आहे, कारण ते पेट्रोलबरोबर इंजिनात जाऊन निघून जातं. पण त्याला मर्यादा आहे. १० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी धरून ठेवू शकतं. त्यापुढे गेलं की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी थर करून बसतात. रोज चालणाऱ्या गाडीत ही वेळ येत नाही. पडवीत उभ्या असलेल्या गाडीत येते.

म्हणून टाकीत गंज दोन जागी सापडतो आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. वरच्या छताला, जिथे पेट्रोल पोचत नाही, तिथे बारीक तपकिरी भुकटी धरते. ती दिसायला भयंकर, पण बहुधा वरवरची. खालचा गंज दिसत नाही आणि खरा घात तोच करतो. मोटरसायकलची टाकी फ्रेमच्या नळीवर खोगिरासारखी बसते, त्यामुळे तिला डावी-उजवीकडे दोन खोलगट पोटं असतात. पाणी त्या पोटांत साचतं आणि पत्रा एकाच जागी खोल खात जातं. टाकी उलटी करून खालच्या सांध्याजवळ बोट फिरवा. रंगाला फुगे आले असतील किंवा पेट्रोलचा ओला डाग दिसत असेल तर भोक पडलेलं आहे किंवा पडायच्या बेतात आहे. हे आधी कळलेलं बरं, पुढचे निर्णय त्यावर ठरतात.

गंज आपणहून का थांबत नाही, हेही सांगायला हवं. घरातलं जर्मनचं पातेलं हवेत काळवंडतं, पण कुजत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा जो पापुद्रा धरतो तो घट्ट बसतो आणि खालच्या धातूला झाकून टाकतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे फुगतो, त्याचे पोपडे सुटतात, आणि तो स्पंजासारखा सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवतो. म्हणजे जुना गंज नव्या गंजाची सोय करतो. टाकी धुऊन, वाळवून, आतला गंज तसाच ठेवून काम भागत नाही ते यामुळे.

काम सुरू करण्याआधी

ही एक गोष्ट घाईत वगळू नका. रिकामी पेट्रोल टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. पेट्रोल द्रव रूपात जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच भडकते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की ती सहसा या पट्ट्याच्या वर राहते. रिकामी केलेली टाकी मात्र वाफ विरळ होत जाताना नेमकी या पट्ट्यातून जाते. वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते, चुलीपर्यंत किंवा देवघरातल्या समईपर्यंत पोचते. काम अंगणात करा, घरात नको. आसपास विडी-सिगारेट, ग्राइंडर, उघडा दिवा नको. आणि भोक बुजवायला रिकामी टाकी उचलून थेट वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असं नसतं. पोपड्यांच्या खाली मुरलेलं पेट्रोल ज्योतीच्या उष्णतेने बाहेर येतं.

टाकी गाडीवरून काढा. झाकण, खालचा पेट्रोल कॉक (पेट्रोल सोडायची-बंद करायची तोटी), पेट्रोलचा काटा असेल तर त्याचा आत तरंगणारा फ्लोट, सगळं सोडवा. कॉकच्या जागेचं भोक बुजवायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर दोन बोल्टांनी आवळलेली पट्टी पुरते. पट्टी लोखंडाची घ्या, अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅसिड आणि सोडा दोन्ही खातात. बाहेरचा रंग जपायचा असेल तर तोंडाभोवती चांगली चिकटपट्टी लावून वर प्लास्टिक गुंडाळा. अ‍ॅसिडचा एक ओघळ रंगावर वाळला की तो डाग जात नाही.

मग टाकी धुवा. गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड, दोनदा, जमल्यास तीनदा. येझदी, राजदूत अशा टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये ऑइल पेट्रोलातच मिसळून घालायचं असतं. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि ऑइलचा चिकट थर मागे राहतो. त्या थरावर अ‍ॅसिड ओतलं तर ते पालथ्या घड्यावर पाणी. आतून पाणी ओतून पाहा. ते मण्यांसारखं तुटत असेल तर तेलकटपणा अजून आहे, सलग पसरत असेल तर टाकी तयार झाली.

सुटे पोपडे असतील तर आधी ते झाडून काढावे लागतात. लोक नट-बोल्ट किंवा खडी घालून टाकी हलवतात. खडी मला पसंत नाही, तिची भुकटी सांध्यात अडकते. नट घालायचे तर मोजून घाला आणि मोजून काढा. आत राहिलेला एक नट कॉकच्या तोंडाशी येऊन बसला की टाकी पुन्हा उतरवावी लागते. चुंबकाने काढू म्हणाल तर चुंबक टाकीलाच चिकटतो. सगळ्यात सोयीची ती बारीक साखळी, एका टोकाला तार बांधून तार बाहेर ठेवलेली. आत दोनेक लिटर साबणाचं पाणी, साखळी, आणि टाकी जुन्या गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन डोलवायची. पंधरा मिनिटांनी पाणी काढा. पहिल्यांदा ते विटकरी रंगाचं आणि घट्ट निघतं, चौथ्या-पाचव्यांदा फिकं होतं.

गंज विरघळवायचा कशात?

साखळी सुटे पोपडे पाडते, पण खड्ड्यांत बसलेला गंज काढू शकत नाही. त्यासाठी रसायन हवं. हा भाग आपल्या स्वयंपाकघराच्या ओळखीचा आहे. तांब्या-पितळेची भांडी आपण चिंचेने घासतो, कपड्यावरच्या गंजाच्या डागाला लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवतो. चिंचेतलं टार्टारिक आणि लिंबातलं सायट्रिक ही सौम्य अ‍ॅसिडं. धातूवरचं ऑक्साइड ती विरघळवतात आणि धातूला फारसा धक्का लावत नाहीत.

याच्या उलट संडास साफ करायचं अ‍ॅसिड. ते हायड्रोक्लोरिक, आणि गॅरेजमध्ये सर्रास तेच सुचवलं जातं, कारण तासाभरात टाकी चकचकीत होते. मीही पहिल्यांदा एका मित्राच्या टाकीत तेच घातलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी आतला पत्रा चांदीसारखा राखाडी दिसत होता, आम्ही दोघेही खूश. दुपारी जेवून आलो तर आतून नारिंगी पसरलेली. आठवड्याने खालच्या सांध्यातून थेंब गळू लागले. हायड्रोक्लोरिक गंज खातं आणि गंज संपला की थांबत नाही, लोखंडही खात राहतं. दुसरं म्हणजे ते मागे क्लोराइड सोडतं. मिठातही तेच असतं आणि खाऱ्या हवेतही, ज्याने समुद्रकाठच्या खिडक्यांचे गज कुजतात. टाकी दोन-तीन पत्रे जोडून बनवलेली असते. त्या सांध्यांच्या घडीत शिरलेलं क्लोराइड नुसत्या धुण्याने निघत नाही, आतल्या आत काम करत राहतं. शिवाय काही टाक्यांना कारखान्यातूनच आतून कथील-शिशाचा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला असतो, आपल्या कल्हईसारखा. जिथे तो शिल्लक आहे तिथेही हे अ‍ॅसिड तो ओरबाडून काढतं. टाकी वाचवायची असेल तर ही बाटली संडासातच राहू द्या. आणि कुणी वापरलीच, तर त्यात ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी कधीही मिसळू नये, क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

मी घरी वापरतो ते सायट्रिक अ‍ॅसिड, किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. पांढरे खडे, साखरेसारखे. लिटरला ६० ते ८० ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या टाकीला ६०० ते ८०० ग्रॅम लागतं. सायट्रिकचं वैशिष्ट्य असं की ते नुसतं आंबट नसतं. त्याचा रेणू गंजातल्या लोहाला चिमट्यात धरावं तसा धरतो आणि पाण्यात घेऊन जातो, पुन्हा खाली बसू देत नाही. म्हणून कमी तीव्रतेतही ते काम करतं. पाणी आंघोळीपेक्षा जरा जास्त कढत घ्या, उष्णतेने काम भराभर होतं. टाकी गळ्यापर्यंत भरा, नाहीतर छताचा गंज तसाच राहील. तोंडावर झाकण घट्ट लावू नका, नुसतं फडकं टाका, कारण थोडा हायड्रोजन वायू निघत असतो आणि त्याला वाट हवी.

आता पाणी काय सांगतं ते पाहत राहा. पहिल्या तासात ते पिवळं होतं, मग हिरवट-तपकिरी. तीन-चार तासांनी थोडं काढून विजेरीने आत डोकवा. साधा गंज असेल तर बारा तासांत पत्रा राखाडी दिसू लागतो. जास्त असेल तर हे द्रावण टाकून दुसरं भरा, पण चोवीस तासांच्या वर तेच द्रावण ठेवू नका. गंज संपल्यावर तेही हळूहळू लोखंडाला लागतं, आणि लोहाने तृप्त झालेलं द्रावण पिवळट-काळा साका सोडतं. तो वाळला की खरवडून काढावा लागतो.

व्हिनेगर म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपासचं अ‍ॅसेटिक. तेही चालतं, पण दहा-बारा लिटर आणायचं आणि दोन दिवस तो वास सोसायचा, त्यापेक्षा लिंबूसत्त्व सोपं. कोल्ड्रिंकची गोष्ट खरी आहे, काळ्या कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं. पण ते इतकं थोडं की चिकट साखर धुण्याचाच व्याप जास्त होतो. फॉस्फोरिक हवंच असेल तर गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानातून गंज काढायचं द्रावण आणा, त्यातलं मुख्य द्रव्य बहुधा तेच असतं. त्याची एक खुबी फार मोलाची आहे: ते गंज काढताना लोखंडावर लोह-फॉस्फेटचा पातळ, करडा थर मागे सोडतं आणि तो थर गंजाला आवर घालतो. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि पृष्ठभागावर फॉस्फेटचा असाच संरक्षक थर तयार झाला आहे, हे आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं. आपल्या टाकीतला थर त्याच्यापुढे फार दुबळा, पण तत्त्व तेच.

विजेची पद्धत

गंज जाड असेल, पत्रा पातळ झाल्याची भीती असेल, तर मला विजेची पद्धत सर्वांत भरवशाची वाटते. ती गंज काढते आणि लोखंडाला हात लावत नाही.

असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. गंजणं म्हणजे लोखंडाच्या अणूने आपले इलेक्ट्रॉन गमावणं. टाकीला बॅटरी चार्जरचं ऋण टोक जोडलं की आपण टाकीला बाहेरून सतत इलेक्ट्रॉन पुरवतो. घेणाऱ्याला मिळतच राहिलं तर तो गमावणार कुठून? त्यामुळे चांगलं लोखंड सुरक्षित राहतं. गंजाला इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचा काही भाग काळ्या, भुसभुशीत ऑक्साइडमध्ये बदलतो, आणि पत्र्यावर उठणारे हायड्रोजनचे बुडबुडे तो सैल करून ढकलून देतात.

साहित्य साधं आहे. टाकीत पाणी आणि लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. मीठ मुळीच नको, त्यातून क्लोरीन निघतो आणि क्लोराइडची पीडा पुन्हा मागे लागते. एक बांधकामाची सळई, टाकीच्या तोंडातून आत सोडलेली, पण टाकीला कुठेही न टेकणारी. सळईवर भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप चढवला की टेकायची भीती जाते. स्टेनलेस स्टीलची सळई वापरू नका. तिच्यातल्या क्रोमियमपासून विषारी, कर्करोगाला कारण होणारी संयुगं पाण्यात उतरतात. चार्जर १२ व्होल्टचा, जुन्या पद्धतीचा. नवे शहाणे चार्जर समोर बॅटरी दिसली नाही तर चालूच होत नाहीत.

काळी वायर टाकीला, लाल वायर सळईला. हे उलटं झालं तर सळई वाचते आणि टाकी विरघळते, म्हणून दोनदा तपासा. आधी वायरी जोडा, मग बटण दाबा. बंद करतानाही आधी बटण, मग वायरी. ठिणगी पडायला नको, कारण वर तोंडाशी हायड्रोजन असतो. काही मिनिटांत तोंडाशी फेस जमतो आणि तो हळूहळू तपकिरी होत जातो. सहा-आठ तासांनी सळई काढून पाहा, तिच्यावर गंजाचा लगदा चढलेला असतो. तो खरवडून सळई पुन्हा घाला. वीज जवळच्या वाटेने जाते, त्यामुळे दूरचे कोपरे मागे पडतात. सळई थोडी वाकवून दोन्ही पोटांकडे आळीपाळीने वळवावी लागते. एक दिवस, कधी दोन दिवस जातात. आतून लोखंड चकचकीत होत नाही, काळं-करडं दिसतं आणि त्यावर काळी भुकटी असते. ती साखळीने आणि पाण्याने निघते.

तो एक तास

सगळं सामान आधी हाताशी मांडून ठेवा आणि मगच अ‍ॅसिड बाहेर ओता. मधेच खायचा सोडा आणायला दुकानात गेलात की सारी मेहनत पाण्यात.

अ‍ॅसिडचं द्रावण बादलीत ओतलं की लगेच टाकीत कोमट पाणी आणि खायचा सोडा, लिटरला दोन चमचे. फेस येईल. फेस येतोय म्हणजे अ‍ॅसिड अजून शिल्लक आहे. टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा, सांध्यांच्या घडीत सोडा पोचला पाहिजे. फेस थांबेपर्यंत पुन्हा करा. हे पाणी आत असेपर्यंत तुम्हाला थोडी उसंत आहे, कारण सोड्याच्या पाण्यात लोखंड सहजी गंजत नाही. पाणी ओतून दिलं की घड्याळ सुरू झालं. विजेची पद्धत वापरली असेल तर सोड्याची ही पायरी लागत नाही, पण घड्याळ तसंच पळतं.

मग स्वच्छ पाण्याने एकदा झटपट खळबळा, सोड्याचा पांढरा थर मागे राहू नये म्हणून. फॉस्फोरिक हाताशी असेल तर त्याचं पातळ द्रावण इथे दहा मिनिटं फिरवून काढा. करडा थर बसला की तुमचा वेळ मिनिटांवरून तासांवर जातो. नसेल तर थेट पुढची पायरी.

पाणी पूर्ण निथळू द्या आणि अर्धा लिटर स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आत ओतून टाकी फिरवा. टाकीत ओलावा आणला त्या इथेनॉलचंच हे भाऊबंद. पाण्याची तीच ओढ इथे आपल्या कामाला येते. पत्र्यावरचं, घडीतलं पाणी ते स्वतःत ओढून घेतं, आणि ओतून दिल्यावर उरलेलं झटकन उडून जातं. स्पिरिट घातल्यावर केस वाळवायचा ड्रायर किंवा हॉट गन जवळ आणू नका, वाफ पेट घेते. गरम हवा वापरायची तर स्पिरिटच्या आधी, तीही टाकी साबणाने नीट धुऊन पेट्रोलचा अंशही राहिलेला नसेल तरच.

स्पिरिट उडालं, पत्रा कोरडा दिसला की एक क्षण न थांबता पाव लिटर पेट्रोलात अर्धा पेला टू-स्ट्रोक ऑइल मिसळून आत ओता. टाकी उलटी, आडवी, तिरकी, सगळ्या बाजूंनी फिरवा. छतालाही ऑइल लागलं पाहिजे. आता लोखंड आणि हवा यांच्यामध्ये तेलाचा पडदा आला. जास्तीचं काढून घ्या, कॉक नव्या रबर वॉशरसह बसवा आणि त्याच दिवशी टाकी काठोकाठ भरा.

पहिल्यांदा हे करताना माझा हात थरथरत होता. आतला करडा पत्रा विजेरीच्या उजेडात दिसत होता आणि प्रत्येक मिनिटाला त्यावर नारिंगी झाक येते की काय असं वाटत होतं. थोडी झाक आली तरी घाबरू नका. बोटाला पावडरीसारखी लागणारी फिकी झाक ऑइलखाली दबते. बोटाला खरखरीत लागत असेल तर लिंबूसत्त्वाचा तासाभराचा हात पुन्हा द्यावा लागतो.

उरलेल्या पाण्याचं काय करायचं, हे फार कमी जण विचारतात. अ‍ॅसिडच्या पाण्यात सोडा घालून फेस थांबेपर्यंत ते शांत करा. पेट्रोलचा वास असलेलं पाणी विहिरीजवळ, परसात किंवा ओढ्यात ओतू नका. जुनं कुजलेलं पेट्रोल गॅरेजवाले सुटे भाग धुवायला घेतात. पूर्ण वेळ हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. सोडा आणि अ‍ॅसिडचा फेस अंगावर उडतो तेव्हा बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

आतून लेप द्यावा का?

बाजारात टाकीच्या आत ओतून फिरवायचे इपॉक्सीचे लेप मिळतात. धडधाकट टाकीला तो देऊ नये असं माझं ठाम मत आहे. लेप पत्र्याला नाही, पत्र्यावर जे काही असेल त्याला चिकटतो. खाली तेलाचा अंश, ओलावा किंवा गंजाची भुकटी राहिली तर वर्ष-दोन वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात, कॉकची जाळी बंद करतात, आणि ते काढणं गंज काढण्याहून अवघड असतं. जुने काही लेप इथेनॉलने मऊ पडतात. सुईएवढी भोकं पडली असतील, त्या जागी पत्रा पातळ झाला असेल आणि तशी टाकी आता मिळत नसेल, तर लेप हा चांगला आधार आहे. मग मात्र डब्यावर लिहिलेले वाळवण्याचे सगळे दिवस थांबा, आणि डब्यावर इथेनॉलचा उल्लेख आहे का ते पाहून घ्या. मोठं भोक असेल तर टाक्यांचीच कामं करणारा कारागीर गाठा, जो टाकी आतून धुऊन, पाण्याने भरून, झाळकाम करतो.

पुढच्या पावसाळ्याआधी

टाकी आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर बसवा. त्यात लाल गाळ दिसू लागला की टाकीची खबर आपोआप कळते. सुरुवातीचे काही दिवस थोडा गाळ येईलच, दोन फिल्टर बदलावे लागतील असं धरून चाला. झाकणाचा रबर वॉशर कडक झाला असेल तर बदला. पाणी नुसतं श्वासातूनच नाही, गाडी धुताना झाकणातूनही आत जातं.

गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, आत हवा कमी तर ओलावा कमी. त्याहून जास्त काळ राहणार असेल तर आजच्या इथेनॉलच्या पेट्रोलाबरोबर ती सोडू नका. सगळं काढून घ्या, कार्बोरेटरची वाटीही रिकामी करा, आणि टाकीत ऑइल फिरवून ठेवा.

वडिलांच्या गाडीला आता एक काचेची बाटली नेमून दिली आहे. जून ते सप्टेंबर, दर पंधरा दिवसांनी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी कॉक रिझर्व्हवर करून पहिलं कपभर पेट्रोल त्या बाटलीत उतरवतो आणि उजेडात धरतो. रिझर्व्हवर, कारण ते तळाजवळचं घेतं. पेट्रोल एकसंध दिसलं तर तेच परत टाकीत जातं. तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला तर आणखी एक कप काढतो, तो थर दिसायचा थांबेपर्यंत.